भोरच्या पावसात गाडीचं कोटिंग किती टिकतं?

मे महिना आला की भोर-वेल्ह्याकडून एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो आंबवड्याहून आलाय. "दादा, पांढरी हॅचबॅक घेतोय. शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंगचे पंचवीस हजार सांगितलेत. पाच वर्षांची वॉरंटी आहे, पैसे कर्जातच बसवून देतो म्हणतात. आपल्याकडच्या पावसात हे पाच वर्षं टिकेल का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. मी स्वतः अशा वॉरंटीतली निम्मी वर्षं धरतो, आणि तीसुद्धा गाडी नीट धुतली तरच. पंचवीस हजार रुपये ही छोटी रक्कम नाही आणि कर्जात गेले की त्यावर व्याजही आलंच. म्हणून सही करायच्या आधी हा भाग पूर्ण ऐका.

यूट्यूबवर कोटिंगच्या टिकाऊपणाचे जे व्हिडिओ दिसतात, त्यातले बरेचसे कॅनडा, अमेरिका, युरोपातले असतात. "एक हिवाळा निघाला, दोन हिवाळे निघाले" अशी त्यांची मोजणी. तिकडे खरा मार हिवाळ्याचा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते खारं पाणी महिनोन्‌महिने गाडीला लागतं. टोरंटोकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा, थंडीत गाडी धुताना ते खालच्या बाजूने पाणी मारायला विसरत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही, मीठ नाही. आपला कठीण मोसम म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि त्याच्या मागोमाग येणारी ऑक्टोबर हीट. त्यामुळे तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे लावता येत नाही.

आता गाडीच्या अंगावर नेमकं काय असतं ते बघू. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. हा क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या गाडीची चकाकी केसापेक्षाही पातळ थरावर उभी आहे. त्या थराला जपायला आपण वर काहीतरी लावतो. त्याचे चार प्रकार.

पहिलं वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतं. ते 82 ते 86 अंशांना वितळतं. पण डब्यातलं वॅक्स निव्वळ कार्नोबा नसतं, त्यात मऊ मेणं आणि तेलं मिसळलेली असतात. आपल्या उन्हात गडद रंगाचं बोनेट 60-70 अंशांपर्यंत सहज तापतं. त्यामुळे वॅक्स महिना, फार तर दोन महिने. जूनच्या पहिल्या पावसाआधी लावलं तर गणपतीपर्यंत त्यातलं फारसं काही उरत नाही.

दुसरं सिंथेटिक सीलंट. हे रसायनाचं असतं, क्लिअर कोटला जास्त घट्ट धरतं. चार ते सहा महिने, म्हणजे एक पावसाळा निघतो. बाटली काहीशे रुपयांना मिळते आणि एका बाटलीत छोटी गाडी बऱ्याचदा होते.

तिसरं सिरॅमिक कोटिंग. याची जाडी एखाद-दुसरा मायक्रॉन. चौथी पीपीएफ, म्हणजे पारदर्शक फिल्म. ती 150 ते 200 मायक्रॉनची असते आणि सगळ्यात महाग.

हे जाडीचे आकडे लक्षात ठेवा. भोरहून आंबवड्यामार्गे रायरेश्वराकडे जाताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली, तर एका मायक्रॉनचं कोटिंग ती अडवू शकत नाही. तिथे फक्त फिल्म कामाला येते. कोटिंगवाले सांगतात "नाइन एच कडकपणा आहे, ओरखडा पडणार नाही". तो नऊचा आकडा पेन्सिलच्या चाचणीतला असतो. म्हणजे 9एच पेन्सिलने ओरखडा उमटला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याला दहा गुण देणारं खनिजांचं मोजमाप वेगळं. चिखलातली कच पेन्सिलच्या शिशापेक्षा कितीतरी कडक असते.

मग कोटिंगचा उपयोग काय? उपयोग आहे. चिखल पटकन सुटतो, धुवायला अर्धा वेळ लागतो, उन्हाने रंग फिका पडणं लांबतं. पक्ष्याची विष्ठा आम्लयुक्त असते, ती क्लिअर कोटमध्ये उतरायला थोडा जास्त वेळ घेते. थोडाच हं! नागेश्वराच्या देवळाजवळ सावली बघून झाडाखाली गाडी लावली, झुलता पूल बघून आलात आणि छतावर डाग दिसला, तर तो तिथेच पाणी टाकून भिजवा आणि अलगद उचला. उन्हात दोन दिवस राहिला तर कोटिंग असो नसो, खूण राहते.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे कोटिंगचा खरा शत्रू पाऊस नाही. पावसाचं पाणी बऱ्यापैकी मऊ असतं, ते गाडी धुऊनच काढतं. नुकसान होतं ते नंतर आपल्या हाताने. जुलैमध्ये भाताची लावणी सुरू होते. चिखलणी करून आलेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडत जातात. तो दारांवर बसतो, सकाळी वाळतो आणि आपण सकाळी घाईत कोरडं फडकं मारून कामाला निघतो. त्या एका फडक्याने जेवढे बारीक ओरखडे पडतात तेवढे महिनाभराच्या पावसाने पडत नाहीत. कोटिंगचं वय वर्षांत मोजू नका, अशा फडक्यांत मोजा.

दुसरं नुकसान बोअरच्या पाण्याचं. त्यात क्षार असतात. उन्हात गाडी धुतली आणि तशीच वाळू दिली की पांढरे गोल डाग बसतात. गंमत म्हणजे कोटिंग केलेल्या गाडीवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, आणि तेच थेंब जागच्या जागी आटले की डाग जास्त ठळक दिसतात. म्हणून धुतल्यावर पुसणं आलंच.

तिसरं, साबण. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वॅक्स आणि सीलंट धुऊन नेते. गाडीचा शाम्पू वापरा. आधी नुसतं पाणी मारून चिखल भिजू द्या, वरून खाली धुवा, दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळायची. शेवटी मायक्रोफायबरने टिपून घ्या, घासू नका. आणि ओल्या, मळक्या गाडीवर कव्हर टाकू नका. वाऱ्याने ते हलतं आणि पॉलिशपेपरसारखं घासतं.

कोटिंग संपलं हे कसं ओळखायचं? थेंब उभे राहायचे थांबले की लोक समजतात गेलं. पण कित्येकदा वर मळाचा थर बसलेला असतो आणि खाली कोटिंग शाबूत असतं. शाम्पूने नीट धुवा, मग बघा. थेंब परत आले तर कोटिंग जिवंत आहे. छत आणि दाराची खालची बाजू वेगवेगळी तपासा, कारण खालची बाजू नेहमी आधी जाते.

वॉरंटीचा कागदही वाचा. बऱ्याच वॉरंटींत दर काही महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे देऊन देखभाल करून घ्यायची अट असते. एक फेरी चुकली की वॉरंटी गेली. आंबवड्याहून पुण्याला दरवेळी जायचं पेट्रोल आणि बुडालेला दिवस त्या पंचवीस हजारांत धरा.

आता आमच्या मित्राला माझा सल्ला. रोज सावलीत गाडी लावणार असाल, स्वतः हाताने धुणार असाल, सात-आठ वर्षं गाडी ठेवणार असाल आणि पैसे रोख असतील, तर कोटिंग जरूर करा. ते पावसाळ्याआधी, बंदिस्त जागेत करा, कारण लावल्यावर पहिले एक-दोन दिवस गाडी कोरडी राहायला हवी. पण कर्ज वाढवून करू नका.

त्यापेक्षा हे करा. मेच्या शेवटी सीलंटचा एक हात, आणि गौरी-गणपतीच्या सुमारास उघडीप मिळाली की दुसरा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी त्याच दिवशी धुऊन टाका, पांढऱ्या रंगावर हळद चिवटपणे बसते. खडीने टवका उडाला तर टचअपचा रंग आणून लगेच भरा. उघड्या पत्र्याला पावसाळ्यात गंज धरायला वेळ लागत नाही आणि गंज आतल्या आत पसरतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की दार आतून कुजतं. दर पंधरा दिवसांनी ती काडीने मोकळी करा आणि गाडीच्या पोटाखाली पाणी मारा.

गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा चकाकी बघेल, पण त्याने आणलेला मेकॅनिक वाकून दाराची कड आणि खालचा पत्रा बघेल. भाव तिथे पडतो.

तुमच्याकडचं कोटिंग किती पावसाळे टिकलं ते व्हॉइस मेसेज करून सांगा. गाडीचा रंग, गाव आणि धुवायचं पाणी कुठलं हेही सांगा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोवर सांभाळून चालवा.