एक वर्ष वाढवून मिळालं तर...

(मंडळाच्या हिगाशी-कसाई येथील पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला 'खेळ आणि शिक्षण' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी काही प्रशिक्षक नाही. शिक्षणाने कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट, आणि बास्केटबॉल फक्त रविवारी सकाळी, तेही गुडघे परवानगी देतील तेवढंच! पण गेल्या काही महिन्यांत आपल्याच तीन-चार घरांतून एकच प्रश्न कानावर आला. "पोरगं छान खेळतंय. भारतीय शाळेतून दुसऱ्या इंटरनॅशनल शाळेत घालताना एक वर्ष खाली बसवलं तर? उंची वाढेल, ताकद येईल, पुढे अमेरिकेत कॉलेजकडून खेळायला बरं पडेल..."

आपल्या घरांत 'वर्ष वाया जाणं' हे केवढं मोठं संकट समजलं जायचं ते आठवा. आणि आता आपणच वर्ष मुद्दाम वाढवायला निघालो आहोत! म्हणून आज या जादा वर्षाबद्दलच बोलतो.

आधी अमेरिकेतला नियम. तिथल्या कॉलेज खेळांचा कारभार एनसीएए ही संस्था पाहते. वरच्या श्रेणीत वर्षानुवर्षे चालत आलेला मूळ नियम असा, की कॉलेजात पाऊल टाकल्यापासून पाच वर्षांच्या आत चार मोसम खेळायचे. एखादं वर्ष दुखापतीमुळे किंवा सरावासाठी बाहेर बसून काढता येतं, पण मोसम चारच. २०२०-२१ हा मोसम कोविडमध्ये गेला. कितीतरी सामने रद्द, प्रेक्षक मोजके किंवा नाहीतच. तेव्हा एनसीएएने ठरवलं की या मोसमात जे खेळले त्यांचा तो मोसम मोजायचाच नाही. म्हणजे प्रत्येकाला एक वर्ष बोनस.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या जपानचंच आहे. केइसेइ तोमिनागा. आपल्याकडची मुलं त्याला 'जपानचा स्टेफ करी' म्हणूनच ओळखतात. २०१९ मध्ये तो टेक्सासमधल्या रेंजर कॉलेज या दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेला. त्यातलं दुसरं वर्ष कोविडचं, म्हणून ते मोजलं गेलं नाही. पुढे नेब्रास्का विद्यापीठात त्याला दोनऐवजी तीन मोसम मिळाले. तिथे पहिल्या मोसमात त्याची सामन्यामागे सरासरी ५.७ गुण, दुसऱ्यात १३.१ आणि तिसऱ्यात १५.१. हा तिसरा, म्हणजे २०२३-२४ चा मोसम हेच ते जादा वर्ष. त्या वर्षी नेब्रास्का २०१४ नंतर पहिल्यांदाच एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत पोचलं. जुना नियम असता तर २०२३ मध्येच तोमिनागाचं कॉलेज बास्केटबॉल संपलं असतं.

बघा, किती छान! मग तक्रार कसली?

तक्रार समजून घ्यायला आपली तोझाई लाईन पुरेशी आहे. सकाळी आठची गाडी. कसाईला आपण कसेबसे चढतो. ओतेमाचीला बरीच गर्दी उतरते, तेवढीच माणसं तिथे चढतात, आणि गाडी पुढे जाते. आता समजा, ओतेमाचीला उतरणाऱ्या प्रत्येकाला रेल्वेने सांगितलं, "आज तुम्हाला एक स्टेशन पुढे जायची मुभा!" गाडीतल्या कोणाचंच काही बिघडत नाही. पण ओतेमाचीच्या प्लॅटफॉर्मवर जो उभा आहे, तो तिथेच राहतो. त्याला कोणी ढकललं नाही, त्याच्यावर कोणी अन्याय करायचाही ठरवला नव्हता. फक्त दार उघडलं तेव्हा आत जागा नव्हती.

आमच्या धंद्यात याचं साधं गणित आहे. जागा ठरलेल्या असतील, तर प्रत्येकजण जितका जास्त काळ थांबेल तितके नवे कमी येणार. पुरुषांच्या बास्केटबॉल संघाला तेव्हा जास्तीत जास्त १३ शिष्यवृत्त्या देता येत. प्रत्येकजण चार वर्षं राहिला तर वर्षाला सव्वातीन जागा मोकळ्या होतात, पाच वर्षं राहिला तर २.६. दहा वर्षांचा हिशेब केला तर एका संघात ३२ ऐवजी २६ मुलं. प्रत्यक्षात सगळेच थांबत नाहीत, पण दिशा हीच.

एनसीएएच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. २०२१-२२ मध्ये थांबलेल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना त्यांनी १३ च्या मोजणीतून वगळलं. म्हणजे एक वर्षापुरता जादा डबा जोडला! पुढच्या वर्षापासून मात्र पुन्हा १३ म्हणजे १३. आणि बोनस वर्ष तर २०२०-२१ मध्ये पहिल्या वर्षाला असलेल्या मुलांकडेही होतं. ते २०२४-२५ पर्यंत खेळत राहिले. एका कोविडचं शेपूट असं चार वर्षं लांबलं.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. २०२१ मध्ये एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाताना एक वर्ष बसून राहण्याची अट पहिल्या बदलीपुरती गेली, २०२४ मध्ये तर कितीही वेळा बदली करा, बसायला नको. आता प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवा. एका हाताला १८ वर्षांचा, शाळेतून नुकताच निघालेला मुलगा. दुसऱ्या हाताला २२-२३ वर्षांचा, शंभरेक सामने खेळलेला, तयार गडी. नोकरी टिकवायची तर तुम्ही कोणाला घ्याल? आम्ही कंपनीत फ्रेशर आणि अनुभवी यांच्यात जे करतो तेच प्रशिक्षकांनी केलं. न्यू जर्सीतल्या माझ्या एका मित्राचा मुलगा २०२२ मध्ये शाळेतून बाहेर पडला. अकरावीत असताना ज्या प्रशिक्षकांची दर आठवड्याला पत्रं यायची, ती बारावीत हळूहळू थांबली. मुलाचा खेळ बिघडला नव्हता. गाडी भरली होती.

२०२५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघाच्या यादीचीच मर्यादा आली. तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांत बास्केटबॉलसाठी १५ खेळाडू. शिष्यवृत्तीच्या जागा दोन वाढल्या, पण बिनशिष्यवृत्तीचं कोपऱ्यात बसून शिकायची सोयही त्या १५ मध्येच आली. दुसरीकडे दिएगो पाविया या फुटबॉलपटूला डिसेंबर २०२४ मध्ये कोर्टाने आणखी एक वर्ष खेळू दिलं, कारण दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजातला काळ मोजू नये असं त्याचं म्हणणं होतं. मागोमाग त्याच्यासारख्या इतरांना एनसीएएने २०२५-२६ साठी सवलत दिली. प्रत्येक अर्ज वाचला तर पटतो. पण कोर्टात वर्ष मागणारा उभा असतो. ज्याची जागा जाणार तो शाळेत गणिताचा पेपर लिहीत असतो. त्याला तर आपण या खटल्यात आहोत हेही माहीत नसतं!

हे आपल्याला नवीन नाही. जेईई ॲडव्हान्स्डला दोनच प्रयत्न, तेही लागोपाठच्या दोन वर्षांत. ५ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर झालं की प्रयत्न तीन. १८ तारखेला ते मागे घेतलं. मधल्या तेरा दिवसांत त्यावर विसंबून काही मुलांनी घेतलेला प्रवेश सोडला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त त्या मुलांना परीक्षेची मुभा दिली. प्रयत्न तीन केले म्हणून आयआयटीतल्या जागा वाढत नाहीत, एवढं त्यातून घ्या.

आता जपान. इथला स्वभाव अगदी उलट. उन्हाळ्यातल्या इंटर-हाय या शालेय स्पर्धेत एका खेळात जास्तीत जास्त तीनदा भाग घेता येतो, आणि एकाच इयत्तेत एकदाच. म्हणजे वर्ष मुद्दाम खाली बसून फायदा शून्य. २०२० मध्ये कोविडमुळे इंटर-हाय रद्द झाली, इतिहासात पहिल्यांदा. तेव्हाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कोणी बोनस वर्ष दिलं नाही. सेन्पाई गेले, कोहाईंना जागा मिळाली. मला विचाराल तर हे कठोर वाटतं. त्या मुलांचं जे गेलं ते गेलंच. पण त्यांचं नुकसान पुढच्या चार तुकड्यांत वाटलं गेलं नाही, हेही खरं.

आणि आता वर्ष राखण्याबद्दल. जपानी शाळेत २ एप्रिल ही रेघ आहे. तोमिनागाचा जन्म १ फेब्रुवारी २००१ चा, युकी कावामुराचा २ मे २००१ चा. तीन महिन्यांचं अंतर, पण तोमिनागा एक इयत्ता पुढे. म्हणजे वर्गात तो धाकट्यांपैकी, जपानी लोक ज्यांना 'हायाउमारे' म्हणतात त्यांतला. त्याला कोणी खाली बसवलं नाही. त्याने जादा वर्ष घेतलं ते बाविसाव्या वर्षी, स्वतःच्या हिशेबाने. कावामुराने तर तोकाई विद्यापीठ दोन वर्षांतच सोडलं, व्यावसायिक झाला आणि २०२४-२५ मध्ये मेम्फिसकडून एनबीएत खेळला. २०२३ च्या विश्वचषकात हे दोघे एकाच संघात होते. एकाने वर्ष वाढवलं, दुसऱ्याने दोन सोडली.

तेव्हा पालकांनो, निर्णय तुमचाच, मी फक्त तीन प्रश्न सुचवतो. एक, या वर्षात मुलगा किंवा मुलगी नक्की काय शिकणार, ते स्वतः सांगू शकते का? 'उंची वाढेल' हे उत्तर नव्हे, उंची आजीच्या घराण्यावर ठरते! दोन, हे वर्ष आता वापरून टाकलं तर पुढे खरी गरज लागेल तेव्हा शिल्लक राहील का? शाळेतलं जादा वर्ष म्हणजे वयाचं एक वर्ष, ते परत मिळत नाही. तीन, अमेरिकेचा हिशेब करताना व्हिसा विसरू नका. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते, पण विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलांना तिथे राहून ती करणं फार अवघड आहे. इतरांना पाचवं वर्ष पैशासाठी परवडतं, आपल्या मुलांना ते शिक्षणासाठीच परवडायला हवं.

आणि मूल सेन्पाई झालं, शेवटच्या वर्षाला आलं, की त्याला मागे वळून बघायलाही शिकवा. बाकावर कोणीतरी बसलेलं असतं.

वेळ संपली, चकल्या गार होताहेत. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.