मोकळे प्लॉट, एक तळं आणि वाढलेलं भाडं

आज जाऊया अटलांटाला. अमेरिकेतल्या या शहराच्या मध्यभागाला वेढा घालून जुन्या रेल्वेलाइनी होत्या, बऱ्याचशा बंद पडलेल्या. १९९९ मध्ये जॉर्जिया टेकच्या रायन ग्रॅव्हेल या विद्यार्थ्याने मास्टर्सच्या थीसिसमध्ये मांडलं की हे तुकडे जोडून २२ मैलांचं, म्हणजे साधारण ३५ किलोमीटरचं वर्तुळ करूया. थीसिस म्हटलं की आपल्याकडे स्पायरल बाइंडिंग आणि थेट कपाट. याची मात्र 'बेल्टलाइन' झाली. चालायची-सायकलची वाट, आणि वाटेला लागून पडीक जमिनींवर बागा.

त्यातली माझी आवडती बाग म्हणजे हिस्टॉरिक फोर्थ वॉर्ड पार्क. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांचं जन्मघर इथून फार लांब नाही. हा भाग खोलगट. पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपात, त्यामुळे जोरात पाऊस आला की सगळं तुंबायचं. (ओळखीचं वाटतंय ना?) उपाय म्हणून जमिनीखाली मोठा बोगदा काढायचा विचार होता. तिथले रहिवासी म्हणाले, पाणी साठवायचंच आहे तर वर तळं करा ना, भोवती बागही होईल. आणि ते बोगद्यापेक्षा स्वस्त पडलं! २०११ मध्ये बाग सुरू झाली. जोराच्या पावसात तळ्याची पातळी चढते, मग पाणी हळूहळू उतरतं. एरवी लोक काठावर बसलेले असतात. एकाच फंक्शनने दोन कामं केली तर कोड रिव्ह्यूमध्ये बोलणी बसतात, इथे ते झक्कास चाललं.

आता पैशाचं बघू. २००५ मध्ये ठरलं की बेल्टलाइनच्या पट्ट्यात जमिनीच्या किमती वाढून जो जादा मालमत्ता कर येईल, तो याच प्रकल्पात घालायचा. हुशार आयडिया आहे. पण नीट बघा, म्हणजे बागेला पैसा मिळायला आजूबाजूचा भाग महाग व्हायलाच हवा! मला हा साइड इफेक्ट वाटत नाही, तो डिझाइनमध्येच आहे.

आणि भाग महाग झालाच. २०३० पर्यंत ५,६०० परवडणारी घरं करायचं टार्गेट होतं. २०१६ मध्ये खुद्द ग्रॅव्हेलने बेल्टलाइन पार्टनरशिपच्या बोर्डाचा राजीनामा दिला. त्याचं म्हणणं, परवडणाऱ्या घरांकडे पुरेसं लक्ष नाही. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्यानेच बाहेर पडायचं, विचार करा.

नंतर जुन्या रहिवाशांसाठी एक योजना आली. अटीत बसणाऱ्या घरमालकांचा वाढलेला मालमत्ता कर २०३० पर्यंत योजनेतून भरायचा. चांगलीच आहे, निवृत्त आजी-आजोबांना घर विकून जावं लागत नाही. पण ती घरमालकांसाठी. वर्षानुवर्षं तिथेच भाड्याने राहणाऱ्याला कराचं बिल येतच नाही, त्याला थेट वाढलेलं भाडं येतं.

तुमच्या एरियात असा नाल्याकाठचा किंवा रुळाकाठचा रिकामा प्लॉट असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि शेजारी भाड्याने कोण राहतं, तेही सांगा.