डोळ्याचा पडदा सुजतो तेव्हा



आपण अक्षरे शिकलात. आता गाडीची पाटी वाचता, सातबारा वाचता. डोळ्यातील कोणती जागा हे वाचते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

डोळ्याच्या आत, मागल्या बाजूस, एक पातळ पडदा असतो. समोरचे चित्र त्यावर उमटते. पडद्याच्या मधोमध एक लहानशी जागा आहे. तिला पीतबिंदू म्हणतात. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे, ही कामे तिची.

पन्नाशीनंतर काही जणांची ही जागा झिजू लागते. बिडी ओढणाऱ्यांना धोका जास्त. झीज दोन प्रकारची. कोरडी झीज हळूहळू वाढते. ओल्या झिजेत पडद्याखाली नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. आत पाणी साचते. पडदा सुजतो.

मग काय होते? कल्याण स्टेशनात उभे राहिले, तर सरळ रूळ वाकडे दिसतात. 'डोंबिवली' ही पाटी पाहिली, तर कडेची अक्षरे दिसतात, मधली पुसल्यासारखी वाटतात. हा मोतीबिंदू असेल म्हणून थांबू नका. एकेक डोळा झाकून पाहा. फरक वाटला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

पडद्याची जाडी मोजणारी ओसीटी नावाची तपासणी आहे. ही रीत 1991 साली जगापुढे आली. आज ठाणे, कल्याण, डोंबिवली येथेही ती होते. ती प्रकाशाने मोजते. सुई नाही, दुखणे नाही. निरोगी पीतबिंदूची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असते. कागदावर ती 250 मायक्रॉनच्या आसपास लिहितात. पाणी साचले की आकडा वाढतो.

यावर उपाय म्हणजे डोळ्यात औषधाची सुई. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण आधी थेंब घालून डोळा बधिर करतात. बहुधा पहिल्या तीन सुया महिन्या-महिन्याने देतात. पुढचे अंतर डॉक्टर ठरवितात. औषधाने पाझर थांबतो, पाणी ओसरते, जाडीचा आकडा उतरतो.

येथे पुष्कळ जण विचारतात, "आकडा उतरला, मग दिसत का नाही?"

भेंडीच्या वाफ्यात पाणी तुंबले, असे समजा. चर काढून पाणी सोडले. जी रोपे तग धरून होती, ती वाचली. जी कुजली, ती पाणी गेले म्हणून उठत नाहीत. पडद्याचेही तसेच. पाणी गेले तरी मेलेला भाग परत येत नाही. तो भाग फार झिजला, तर पडदा नेहमीपेक्षाही पातळ होतो. तेव्हा जाडी कमी म्हणजे नजर चांगली, असा हिशेब नाही. जाडी आणि नजर दोन्ही पाहावी लागतात.

मग सुई घेऊन लाभ काय? 2006 साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा निकाल छापून आला. वर्षभर दरमहा सुई घेणाऱ्या शंभरांतील सुमारे 95 जणांची नजर फारशी खालावली नाही. औषध न मिळालेल्यांत असे सुमारे 62 होते. पूर्ण मात्रा घेणाऱ्या तिघांपैकी एकाला तक्त्यावर तीन ओळी जास्त वाचता आल्या. म्हणजे उरलेली नजर राखणे हाच मोठा लाभ.

म्हणून "फरक पडत नाही" म्हणून सुई सोडू नका. "पाणी गेले" म्हणूनही आपल्या मनाने सोडू नका. चर बुजला की पाणी पुन्हा तुंबते. सुईनंतर डोळा फार दुखला, लाल झाला किंवा दिसणे घटले, तर लगेच दवाखाना गाठा. जुने कागद एका पिशवीत जपा. पुढली तारीख स्वतः वाचा आणि त्या दिवसाचे गाडीभाडे आधीच बाजूला काढून ठेवा.