दोन नामांकित तुकडे

गेली सहा वर्षे मी रोज रात्री जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचून घेतो. हे इन्सुलिन सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात, एवढे ऐकून होतो. कसे, ते विचारायचे धाडस मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला होत नाही. मला ते कळले भाचीकडून, आणि तेही ती रडवेली झाली असताना.

भाची जैवतंत्रज्ञानात संशोधन करते. परक्या जीवाचे जनुक ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालून त्याच्याकडून प्रथिन घडवायचे, हे तिचे काम. पाच महिने झाले तरी प्रथिन मिळेना. म्हणाली, "मामू, दोन्ही तुकडे नामांकित आहेत. एकत्र आणले की गप्प!"

तुकडे कसले, तर श्रोतेहो, जनुकाआधी दोन खुणा लागतात. पहिली प्रमोटर. डीएनएवर इथे एक विकर बसते आणि जनुकाची आरएनए ही नक्कल काढू लागते. प्रमोटर जोरकस असला की नकला जास्त. दुसरी खूण त्या नकलेवर असते. प्रथिन घडवणारा रायबोसोम तिथे पकड घेतो. जिवाणूंमधली ही खूण जॉन शाइन आणि लिन डाल्गार्नो यांनी १९७४ साली ऑस्ट्रेलियात ओळखली. मग हिशेब शाळकरी पोराचा: नकला दहा, प्रत्येकीची प्रथिने पाच, एकूण पन्नास.

हा हिशेब अमेरिकेत श्रीराम कोसुरी, जॉर्ज चर्च आणि सहकाऱ्यांनी तपासून २०१३ साली प्रसिद्ध केला. प्रमोटर शंभरावर, रायबोसोमच्या जागाही शंभरावर. जोड्या केल्या १२,५६३! ६४ टक्के जोड्यांत प्रथिनाचा अंदाज दुपटीच्या आतबाहेर जमला. सर्वांत बिघडलेल्या ५ टक्क्यांत मात्र सरासरी तेरा पटींची चूक.

कारण आरएनएचा धागा सरळ राहत नाही, स्वतःवरच दुमडतो. रायबोसोमची जागा घडीत दडली की त्याला ती सापडत नाही. आणि घडी कुठे पडेल, ते शेजारी कोण आहे यावर ठरते. शिवाय रायबोसोमांची वर्दळ असलेली नक्कल सहसा जास्त टिकते. म्हणजे दुसरी खूण पहिलीच्या हिशेबातही लुडबूड करते.

गझल लिहिणाऱ्याला हे नवे नाही. वहीत सुट्या ओळी पडून असतात, एकेक झकास. शेर करायला घ्यावा तर एक दुसरीला गिळते. पण माझा शेर फसला म्हणून कोणाची साखर वाढत नाही.

१९७८ साली कॅलिफोर्नियात जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेतले, तेव्हा इन्सुलिनच्या दोन साखळ्यांची जनुके वेगवेगळी घेऊन जिवाणूच्याच एका जनुकाला मागून जोडली होती. सुरुवात त्याच्या घरची, म्हणून यंत्रणा बिचकली नाही. १९८२ मध्ये ते औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाले.

भाचीनेही असलाच मार्ग धरला. मुख्य जनुकाच्या पुढे एक चिमुकले जनुक ठेवले. ते वाचत येणारा रायबोसोम वाटेतली घडी उलगडतो, आणि पुढची जागा मोकळी होते.

परवा रात्री तिचा फोन आला. प्रथिन आले आहे, थोडेच आहे. मी ताटावर बसलो होतो. तिनेच विचारले, "मामू, सुई घेतली का?"

घेतली नव्हती.