मुष्टियोद्ध्याचा दम आणि समाजाचे देणे

मुष्टियुद्ध म्हणजे मनगटाचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शास्त्र निराळेच सांगते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हौशी मुष्टियुद्धाच्या दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांचे मोजमाप झाले. खर्ची पडलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ७७ टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण झाली होती. ठोसा क्षणाचा, त्यामागचा दम मात्र वर्षानुवर्षांच्या आहाराचा, विश्रांतीचा आणि अखंड सरावाचा.

हा दम कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा एक भाग समृद्ध झाला. त्याच जिल्ह्यातील पाथर्डी-शेवगावची ऊसतोड कुटुंबे आजही दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन घर सोडतात. सोबत गेलेल्या मुलांचा सराव तेथेच तुटतो.

सैन्याने २००१ साली पुण्यात क्रीडासंस्था उभारली आणि मुष्टियोद्ध्यांच्या आहाराची, विश्रांतीची जबाबदारी स्वतःकडे घेतली. सैन्याला जे जमले, ते साखरेवर वाढलेल्या सहकाराला अशक्य नाही. तालुक्याला एक हंगामी वसतिगृह, दोन वेळचे सकस अन्न आणि एक प्रशिक्षक, एवढ्यापासून आरंभ व्हावा. पदकांचा हिशेब त्यानंतर मागावा.