तेलाचा डबा आणि आमचा हिशेब

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आहाराविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो याचे काहींना नवल वाटेल. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. औषधांपेक्षा पावत्यांशीच परिचय अधिक. तथापि रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कोणते तेल यावे हे अनेक वर्षे डॉक्टरांनी नव्हे, आमच्या खरेदी विभागाने ठरविले.

हृदयविकारातून बरे होऊन घरी निघालेल्या एका गृहस्थांच्या पत्नीने एकदा आम्हांला विचारले, "साहेब, आहारतज्ज्ञ बाईंनी पामतेल बंद करा असं लिहून दिलंय. मग तुमच्या स्वयंपाकघरामागे पामतेलाचेच रिकामे डबे कसे?" सर्वांत कमी दराचे दरपत्रक स्वीकारावे, असा आमचा नियम होता. परंतु ते उत्तर त्या माउलीला देण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

त्यानंतर आम्ही आमच्या आहारतज्ज्ञांसमोर विद्यार्थ्याप्रमाणे बसलो. पामतेलातील जवळजवळ निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो आणि तो रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो. खोबरेल तेलात हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी यांच्या तेलांत ते पुष्कळ कमी असते. मात्र यांपैकी एकही तेल स्वयंपूर्ण नाही. करडईच्या तेलात ओमेगा-६ विपुल असते, ओमेगा-३ जवळपास नसतेच. ते जवसात भरपूर, तर मोहरी आणि सोयाबीनमध्ये काही प्रमाणात मिळते. म्हणून वर्षानुवर्षे एकाच तेलाला चिकटून न राहता ती आलटून पालटून वापरावीत, आणि जेवणात जवसाची चटणी असावी. आपल्या आजीच्या ताटात ती होतीच. महाग बाटलीच्या मोहात ती आपण गमावली.

पिशवीवरील "कोलेस्टेरॉलमुक्त" हा शब्द पाहून मात्र कोणी जादा पैसे मोजू नयेत. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते; मग ते पामतेल का असेना!

तेल बदलल्यास खर्च वाढणार, ही आमची धास्ती होती. तिचे उत्तर आहारतज्ज्ञांनी आमच्याच भाषेत दिले. कोणतेही तेल घ्या, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. निरोगी माणसास महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला साधारण तीन लहान चमचे तेल पुरे. तेव्हा दराइतकेच मापाकडेही पाहा, असे त्या म्हणाल्या. आम्ही फोडणीची पळी काढून घेऊन मापाचा चमचा दिला. आचारीमामा आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. पुढे डबे कमी लागू लागले आणि शेंगदाणा व सोयाबीन तेलाचा वाढीव दर बऱ्याच अंशी त्यातच भरून निघाला. साजूक तुपाचे काय, असे येथे कोणी विचारील. वरणभातावर चमचाभर अवश्य घ्यावे. पण तेही याच हिशेबात धरावे.

एका चुकीची कबुली आम्हांला द्यावयाची आहे. सणासुदीला पुऱ्या तळून उरलेले तेल आमच्या वहीत "शिल्लक" म्हणून जमेस धरले जाई आणि दुसऱ्या दिवशी भाजीस वापरले जाई. पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलात अपायकारक घटक साठत जातात. त्यांपैकी ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम जुलै २०१८ पासून देशात लागू आहे. आम्ही काटकसर समजत होतो, ती काटकसर नव्हती. आता तळण क्वचित होते आणि उरलेले तेल खर्ची टाकले जाते. घरी एवढी मोजमापे शक्य नाहीत. तेल काळपट, चिकट झाले, फेसाळू लागले वा लवकर धुरू लागले, की टाकून द्यावे.

सुट्या तेलाविषयीही एक विनंती. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. हा पिवळा धोत्रा आपल्याकडेही पडीक रानात उगवतो. लाकडी घाण्याचे तेल आवडत असल्यास अवश्य घ्यावे, परंतु घाणा ओळखीचा आणि दाणे बुरशीविरहित असावेत.

सरतेशेवटी देणगीदारांशी थोडे संकोचाने बोलावयाचे आहे. वाढदिवशी, पितृपक्षात आपण तेलाचे डबे श्रद्धेने पाठविता. त्यांत पामतेलाचे आणि वनस्पती तुपाचे डबेही असतात. त्यांचा स्वीकार स्वयंपाकघर आता करणार नाही. याबद्दल राग नसावा. डबा घेण्यापूर्वी आमच्या कार्यालयास विचारावे. त्या महिन्यात कोणते तेल हवे आहे, ते भांडारपाल सांगतील. तेलाऐवजी जवस आणि शेंगदाणे आले, तरी तेही रीतसर पावती देऊन स्वीकारले जातील.