गृध्रसीची कळ आणि होमिओपॅथीची पुडी



कमरेतून निघून नितंब, मांडीची मागची बाजू, पोटरी असा प्रवास करीत पावलापर्यंत पोचणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना तिचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अध्यायात या विकाराला ‘गृध्रसी’ म्हटले आहे. गृध्र म्हणजे गिधाड. पाय ओढीत, वाकून चालणाऱ्या रुग्णाची चाल गिधाडासारखी दिसते, अशी या नावाची उपपत्ती सांगितली जाते. वेदना कोणत्या क्रमाने खाली उतरते तेही तेथे नोंदलेले आहे आणि तो क्रम आजच्या शरीररचनाशास्त्राशी जुळतो. युरोपात दोमेनिको कोतुन्यो या इटालियन वैद्याने १७६४ साली या दुखण्याचा संबंध चेतातंतूशी जोडला. तर दोन मणक्यांमधील चकतीचा भाग बाहेर येऊन नसेच्या मुळावर दाब देतो, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले. आपल्याकडे आज सर्वतोमुखी असलेला शब्द मात्र ‘सायटिका’ हाच आहे.

सायटिक नस ही शरीरातील सर्वांत जाड नस. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मुळांनी ती बनते. यांपैकी एखाद्या मुळाशी चकतीचा मऊ गाभा बाहेर आला की केवळ दाबच पडतो असे नव्हे, तर तेथे दाहही निर्माण होतो, आणि वेदनेचा मोठा वाटा या दाहाचा असतो. येथेच एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावर उभे आहे. बाहेर आलेला तो गाभा शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. दाह ओसरतो, नस मोकळी होते. बहुतेक रुग्णांची वेदना सहा ते बारा आठवड्यांत बरीच उतरते, औषध कोणतेही असो वा नसो.

आता एखाद्या मध्यमवर्गीय घरातील क्रम पाहावा. पहिल्या आठवड्यात मलम आणि शेक. दुसऱ्या आठवड्यात वेदनाशामक गोळ्या, त्यांनी पित्त खवळते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एमआरआय, आणि ‘ऑपरेशन लागेल का’ या भयाने सारे घर गप्प. मग कोणी तरी चांगल्या होमिओपॅथचे नाव सुचवतो. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्यांची पुडी घरी येते आणि सातव्या आठवड्यात रुग्ण जिना चढू लागतो. श्रेय पुडीला जाते. पाचव्या आठवड्यात कोणी मांत्रिक आला असता तर ते त्यालाही गेले असते! यात कोणाची लबाडी नाही. काळाच्या क्रमाला कार्यकारणभाव समजण्याची माणसाच्या मनाची ही जुनी सवय आहे.

याचा अर्थ होमिओपॅथचे काम उपेक्षणीय आहे असा नव्हे. सॅम्युएल हानेमान या जर्मन वैद्याने (१७५५–१८४३) ज्या काळात ही पद्धती मांडली, त्या काळी युरोपात शिरा कापून रक्त वाहू देणे आणि पाऱ्याची औषधे देणे हीच प्रतिष्ठित चिकित्सा होती. त्या तुलनेत रुग्णाला इजा न करणारी, त्याचे सविस्तर ऐकून घेणारी ही पद्धती दयाळू होती, यात शंका नाही. सायटिकेचा रुग्ण आला की होमिओपॅथ बारकाईने विचारतो: कळ डाव्या पायात की उजव्या? शेकाने बरे वाटते की थंडाव्याने? दाबून धरल्यास, पाय पोटाशी घेतल्यास आराम पडतो, तर त्याचे लक्ष आपल्याकडे कडू वृंदावन म्हणतात त्या वेलीपासून केलेल्या कोलोसिंथकडे जाते. उबेने उतरणाऱ्या, विजेसारख्या कळेसाठी मॅग्नेशिया फॉस. उठताना पहिली पावले असह्य आणि चालत राहिल्यावर मोकळे वाटणाऱ्यास ऱ्हस टॉक्स. जराही हालचाल न सोसणाऱ्यास ब्रायोनिया. कधी कळ, कधी बधिरपणा असे आलटून पालटून होत असल्यास नॅफॅलियम. आठ मिनिटांत तीन रुग्ण उरकणाऱ्या दवाखान्यातून आलेल्या माणसाला ही विचारपूस हेच अर्धे औषध वाटते.

परंतु विचारपूस निराळी आणि गोळी निराळी. ‘३० सी’ शक्तीच्या औषधात मूळ द्रव्य शंभरपटींनी तीस वेळा विरल केलेले असते. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ द्रव्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता मावळू लागते. तरीही गुण येतो का, हा प्रश्न प्रयोगाचा आहे आणि प्रयोग झालेले आहेत. १९९७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, परिणाम निव्वळ मनाच्या समजुतीने स्पष्ट होत नाही असे त्याच्या लेखकांना वाटले, पण कोणत्याही एका रोगावर गुण सिद्ध झाला आहे, असे तेही म्हणू शकले नाहीत. २००५ साली त्याच नियतकालिकात ११० चाचण्यांची दुसरी तपासणी आली. तिच्यात मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांकडे पाहिल्यावर हा परिणाम बिनऔषधी गोळीहून निराळा दिसला नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही विश्वासार्ह पुरावा कोणत्याच विकाराबाबत आढळत नसल्याचा निष्कर्ष दिला. सायटिका त्याला अपवाद नाही.

हे ऐकून काहींना वाईट वाटेल. होमिओपॅथीला आपल्या देशात मान आहे, १९७३ साली संसदेने तिच्यासाठी कायदा केला आणि २०२० साली त्याची जागा राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाच्या कायद्याने घेतली, हे सारे खरे आहे. पण ही परंपरा भारतात रुजवणाऱ्यांत अग्रणी असलेले कोलकात्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार कसे होते, हेही आठवावे. ते कलकत्ता विद्यापीठाचे एम. डी. आणि आरंभी होमिओपॅथीचे कठोर टीकाकार. पुढे स्वतः पाहून त्यांचे मत पालटले आणि १८६७ साली त्यांनी ते भर सभेत सांगितले. त्यापायी समव्यावसायिकांचा बहिष्कार सोसला. याच गृहस्थांनी १८७६ साली ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापिली, जिच्या प्रयोगशाळेत १९२८ साली सी. व्ही. रामन यांनी आपला शोध लावला. सरकारांचा आग्रह तपासून पाहण्याचा होता. त्यांच्या काळी उपलब्ध नसलेल्या चाचण्या आज उपलब्ध असताना त्यांच्याकडे पाठ फिरवणे हे काही त्यांचे अनुयायित्व नव्हे.

आधुनिक वैद्यकाचीही येथे फार फुशारकी चालत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सायटिकेसाठी सर्रास लिहून दिले जाणारे प्रीगाबालिन हे औषध ऑस्ट्रेलियातील २०९ रुग्णांच्या चाचणीत, २०१७ साली, बिनऔषधी गोळीहून सरस ठरले नाही. एमआरआयमधील ‘डिस्क बल्ज’ या शब्दाने घरे हादरतात. वस्तुतः कसलेही दुखणे नसलेल्या विशीतील सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतील ८४ टक्के लोकांत तो दिसतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांची वेदना झपाट्याने उतरली; पण वर्षअखेर थांबलेल्या गटातही तितकेच, सुमारे ९५ टक्के लोक बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही विसरू नये. अंथरुणाला खिळून राहणे आता कोणी सांगत नाही. सोसेल तितके चालावे, वाकून वजन उचलणे टाळावे, पुढे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम करावा.

मग या काळात कोणी पुडी घेतली तर बिघडले काय? फारसे नाही, विकार साधा असेल तर. खरा धोका आहे तो विकार साधा नसताना पुडीवर विसंबून दिवस घालवण्याचा. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, सायकलच्या खोगिराला टेकणारा भाग बधिर होणे, दोन्ही पायांत एकदम कळा व अशक्तपणा येणे, यांपैकी काही दिसले तर मज्जारज्जूच्या टोकाशी असलेला नसांचा जुडगा दबला आहे असे समजून त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो. उशीर झाल्यास लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाऊल उचलता न येणे, चप्पल पायातून निसटणे, हेही थांबण्याजोगे नाही. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि उतरते वजन असेल तर मणक्याचा क्षय आठवावा. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्याची नवी पाठदुखी तशीच तपासून घ्यावी लागते.

महिनोन्महिने टिकणाऱ्या नसांच्या दुखण्यांत तर कारण शोधणे हेच निम्मे काम. दोन्ही तळपायांची आग आणि मुंग्या असतील तर रक्तातील साखर पाहावी. शाकाहारी कुटुंबांत, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण हमखास निघते; त्याला काही रुपयांचे औषध आहे, पण फार उशीर केल्यास नसेची हानी भरून येत नाही. नागिणीचे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणुरोधक औषध सुरू होणे इष्ट. आणि त्वचेवर बधिर चट्टा, कोपराशी वा गुडघ्याशी जाड झालेली दुखरी नस असेल तर कुष्ठरोगाची तपासणी संकोच न करता करावी. त्याचे औषध सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळते. विकृती येते ती उपचार लांबल्यामुळे.

होमिओपॅथकडे जाणाऱ्याने चालू असलेली सर्व औषधे त्यास सांगावीत आणि पायातील शक्ती, प्रतिक्षिप्त क्रिया व संवेदना तपासून घेण्याचा आग्रह धरावा. चेहऱ्याच्या नसेच्या कळेवर कार्बामाझेपिन किंवा तळपायांच्या आगीवर गॅबापेंटिन चालू असेल तर ‘आता पुडी चालू आहे’ म्हणून ते एकाएकी बंद करू नये. मात्रा कमी करायची ती ज्याने लिहून दिली त्या डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.